मोसंबीचे पाणी बंद

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, लातूरला माझ्या मोठ्या बहिणीच्या अंगणातल्या मोसंबीचे पाणी बंद करण्यात आले. नळाला लावलेला हिरवा पाइप मी काढला, गुंडाळला आणि जिन्याखाली ठेवला. बहीण व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होती. निर्णय आदल्या दिवशी जेवताना घरातल्या सगळ्यांना सांगितला होता. कुणी हरकत घेतली नव्हती.

बहिणीला मी आक्का म्हणते. वय एकोणसत्तर. ती आरोग्य खात्यात नर्स होती. नोव्हेंबरच्या शेवटी तिच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. घरात मुलगा आणि सून आहेत, पण दोघेही नोकरीला जातात. म्हणून मी नांदेडहून दीड महिन्यासाठी आले. मी एका दैनिकात उपसंपादक होते. आता तीही नोकरी संपली आहे.

आक्काला माझ्याकडून सेवा नको होती. पहिल्याच दिवशी मी तिच्या पायाखाली उशी द्यायला गेले, तर ती म्हणाली, "पायाचं मी बघते. हजार पेशंटचे पाय बघितले म्या. तू अंगणात जा. थंडीची कामं तशीच पडून हायेत."

थंडीची कामे बरीच होती. गुलाबाच्या पाच कुंड्यांतल्या वाळक्या काड्या काढायच्या होत्या. शेवंती वाकली होती, तिला आधार द्यायचा होता. कढीपत्ता छाटायचा होता. भिंतीच्या कडेला मेथी आणि पालक पेरायचा होता. पण आक्का ज्याच्याकडे बोट दाखवायची ते काम एकच होते. फाटकातून आत आले की डाव्या हाताला मोसंबीचे झाड होते. आठ वर्षांपूर्वी तिने कलम आणून लावले होते. शेंडा वरच्या मजल्याच्या गॅलरीला टेकला होता. पाने गडद हिरवी, फांद्या जोमदार. फळ मात्र कधी आले नव्हते. एक-दोन वर्षी थोडी फुले आली आणि गळाली.

भाच्याने त्या जागेचे माप घेतले होते. अंगणात फरशी बसवायची, वर पत्रे टाकायचे आणि गाडी आत घ्यायची, असे त्याने ठरवले होते. चौदा एप्रिलला, जयंतीला, घरी पाहुणे असतात. त्याआधी काम व्हायला हवे होते. मोसंबी बरोबर गाडीच्या जागेवर होती. त्याचा स्वभाव भांडखोर नाही. तो टेप घेऊन आक्काच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, आठ वर्षं झाली. एक मोसंबी दाखव मला. एक."

"येईल."

"कधी? गाडी उन्हात जळून राहिली."

"गाडीला सावलीच पाहिजे तर झाडाखाली लाव की."

"झाडाखाली लावली की चिमण्या घाण करतात."

शेवटी मी मध्ये पडले आणि तिघांत एक करार झाला. मार्चच्या मध्यापर्यंत झाडावर फळ धरलेले दिसले तर फरशी झाडाला वळसा घालून बसवायची. दिसले नाही तर झाड तोडायचे. आक्का हो म्हणाली, पण तिने त्या दिवशी दुपारचे जेवण अर्धे सोडले.

कारण तिने दुसऱ्या दिवशी सांगितले, मेथी निवडता निवडता. तिची सगळी नोकरी बदल्यांत गेली. प्रत्येक ठिकाणी सरकारी क्वार्टर मिळायचे आणि प्रत्येक क्वार्टरच्या मागे ती एक झाड लावायची.

"लोह्याला लिंबू लावलं. कळी धरली अन् बदली आली. हिमायतनगरला पेरू. तो तर लई गोड निघाला म्हणे. मला कुणी सांगितलं? माझ्या जागी आलेल्या बाईनं. वर म्हणती कशी, सिस्टर, तुमचा पेरू लई गोड हाय." ती हसली. "इस्लापूरला आंबा लावला. त्याचं लोणचं आता कोण घालून राहिलं काय माहीत."

"मग?"

"मग काय. ही पहिली जागा माझी. हितून मला कुणी हलवत न्हाई. म्हणून मोसंबी लावली. आपल्या हातानं लावलेल्या झाडाचं एक फळ आपल्या तोंडात जावं, एवढंच."

पाणी तोडण्याची सूचना माझी होती. आमच्या दैनिकात आठवड्यातून एकदा शेतीचे पान निघायचे आणि ते बरीच वर्षे माझ्याकडे होते. दर डिसेंबरला त्यात एक वाक्य यायचे: आंबिया बहर धरायचा असल्यास मोसंबीच्या झाडांना ताण द्यावा. आंबिया बहर म्हणजे थंडीच्या शेवटी येणारी फुले आणि ताण देणे म्हणजे पाणी तोडणे. थंडी आणि कोरड एकत्र आली की झाडाची वाढ थांबते, पाने थोडी गळतात आणि फांदीत अन्न साठते. मग खत घालून पाणी दिले की ते अन्न नव्या पालवीऐवजी फुलांना मिळते. हे वाक्य मी दर वर्षी तपासून छापायला सोडले. शुद्धलेखन तपासले होते. वाक्य खरे आहे की नाही हे बघायची वेळ आली नव्हती.

खात्रीसाठी मी औसा रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत फोन केला. मालकाने आधी माती विचारली.

"काळी."

"मग सहा आठवडे धरा, मॅडम. काळ्या मातीत ओल लवकर हटत न्हाई. पानं मलूल होतील. बायका तिथंच घाबरतात अन् पाणी देऊन टाकतात."

"आणि पुरुष?"

"पुरुष झाडाकडं बघतच न्हाईत."

बुधवारी मी झाडाची सल काढली, म्हणजे आतल्या वाळलेल्या काड्या कात्रीने कापून काढल्या. बुंध्यापासून सरळ वर गेलेले चार जाड फुटवे होते, तेही काढले. त्यांना फळ येत नाही, ते नुसते अन्न खातात. गुरुवारी खोडाला मोरचूद आणि चुन्याचा लेप दिला. पाव किलो मोरचूद, पाव किलो चुना, अडीच लिटर पाणी. लोखंडी बादली घेतली तर आक्का खुर्चीवरून ओरडली, प्लास्टिकची घे म्हणून. मोरचूद लोखंडाला खातो. चुना गाळून घेतला नाही म्हणून पुन्हा ओरडली. जमिनीपासून कमरेपर्यंत खोड निळे-पांढरे झाले. भाचा संध्याकाळी आला आणि म्हणाला, "मावशी, शाळेचा गणवेश घातला का याला?"

शुक्रवारी बुंध्याभोवतीची माती खुरप्याने हलकी उकरली. गुलाब, शेवंती, कढीपत्ता पुढच्या आठवड्यात झाले. प्रत्येक काम झाले की मी वहीत वार आणि वेळ लिहायचे. आक्का त्या वहीला 'पेपर' म्हणायची. "आज पेपरात काय?" असे विचारायची.

पेपरात मोसंबीची बातमी नव्हती. दहा दिवस झाले, पाने तशीच ताठ. चौदाव्या दिवशी दोन फांद्यांच्या टोकांना पोपटी पालवी दिसली. म्हणजे झाड थांबलेले नव्हते, वाढत होते. सोळाव्या दिवशी मी उकरलेल्या मातीत बोट घातले. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली.

भाच्याने जमिनीखालची पाइपलाइन तपासली. गळती नव्हती. शेजारच्या घराची टाकी ओसंडत नव्हती. पाऊस पडलेला नव्हता. मग मी शनिवारी सकाळी सहा वाजता शाल पांघरून व्हरांड्याच्या कोपऱ्यात, खांबाआड बसले. वही मांडीवर होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी सून स्वयंपाकघराच्या दारातून पातेले घेऊन आली. तांदूळ धुतलेले पाणी तिने मोसंबीच्या बुंध्याला ओतले आणि आत गेली. सात वाजून पाच मिनिटांनी वरच्या गॅलरीतून आवाज आला, "खाली कुणी हाय का?" उत्तराची वाट न बघता अर्धी बादली पाणी पानांवरून खाली आले. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चार मुली आहेत, वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करतात. पावणेआठला भाचा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राखालची बादली घेऊन आला. तिच्यात यंत्राने बाहेर टाकलेले पाणी साठते. त्याने ती बुंध्याशी रिकामी केली आणि कामावर गेला. नऊ वाजता आक्का वॉकर टेकत आली. तिच्या खांद्याला शेकण्याची रबरी पिशवी लटकत होती. तिने पिशवीचे बूच काढले, थंड झालेले पाणी झाडाला घातले, बूच लावले.

रविवारी चहाच्या वेळी सगळे घरात होते. आक्काने मुलींनाही खाली बोलावले होते, भजी होती. मी वही उघडली आणि चार नोंदी वाचून दाखवल्या.

आधी सून बोलली. "मावशी, पाणी नाही टाकलं मी. तांदळाचं धुवण होतं ते."

"माझं तर फिल्टरचं," भाचा म्हणाला. "ते पाणी थोडंच आहे? वाया जाणारं आहे ते."

मुलींपैकी उंच मुलगी म्हणाली, "आज्जी, आम्ही कपडे खंगाळल्याचं शेवटचं पाणी टाकतो. साबणाचं कध्धीच न्हाई."

"अन् तू गं आक्का?"

"पिशवीत असतं किती, चमचाभर!" आक्का म्हणाली. "इसरलेच मी. हात आपोआप जातो."

कुणी खोटे बोलत नव्हते. पाइप बंद केल्यावर पाणी बंद झाले, असे प्रत्येकाला वाटत होते. हे लातूर आहे. ज्या उन्हाळ्यात इथे रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात या घरात भांडी परातीत धुतली जात आणि ते पाणी तीन वेळा वापरले जाई. पुढे पाऊस झाला, धरण भरले, पण नालीत पाणी ओतायला त्यानंतर कुणाचा हात धजला नाही. एकदा वापरलेले पाणी झाडाला. सूनबाई सोलापूरकडची, मुली किनवट-हिमायतनगरकडच्या. महिनाभरात सगळ्यांनी हे उचलले होते.

सगळ्यांत लहान चणीची मुलगी भजी खाता खाता थांबली. "मावशी, तुम्ही रोज दुपारी खुरपं धुता ते?"

"कुठे?"

"झाडाखालीच की. लेपाचा ब्रश पण तिथंच धुतला."

मी वही चाळली. तशी नोंद नव्हती. पण ती म्हणत होती ते खरे होते. खुरपे, कात्री, लेपाची बादली, हात, पाय. सगळे मी मोसंबीच्या बुंध्याशीच धूत होते. त्या दिवशीच्या पानावर मी पाचवी नोंद केली.

भाचा हसून हसून खुर्चीतून घसरला. "पोलीसच चोर निघाला, मावशी!"

मग सून उठली आणि जिन्यातून एक कागद काढून आणला. भाडेकरूंसाठी आक्काने स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेल्या सूचना होत्या. फाटक लावावे. दिवे बंद करावेत. तिसरी सूचना: वापरलेले पाणी नालीत टाकू नये, मोसंबीला टाकावे. मी आल्या दिवशी जिना चढताना हा कागद वाचला होता आणि त्यातला एक उकार पेनने दुरुस्तही केला होता.

आक्काने कागद हातात घेतला. चष्मा लावून पुन्हा वाचला.

"म्हंजे आठ वरसं मीच?"

भजी गार झाली होती. उंच मुलगी हळूच म्हणाली, "आज्जी, तसं न्हाई..." आणि थांबली.

"तसंच हाय," आक्का म्हणाली. "पेशंटला भूकच लागू दिली न्हाई म्या. नुसतं सलाईन चढवून राहिले." तिने कागद सुनेकडे परत दिला. "आता करायचं काय ते बोला. पाणी मी नालीत टाकू देणार न्हाई. हे आधीच सांगते."

सोय दोन दिवसांत झाली. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, मोरीच्या भिंतीला लागून, मी आणि सुनेने दोन हात रुंद आणि आठ हात लांब वाफा खणला. त्यात मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरली. सगळे वापरलेले पाणी तिकडे जायचे ठरले. मोसंबीवर कुणाचा हात चुकून जाऊ नये म्हणून बुंध्याभोवती काहीतरी अंथरायला हवे होते. भाच्याने कुठल्याशा शिकवणीचा जुना फ्लेक्स आणला. त्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो होते. मुलींनी तो बघितला आणि चौघी एकदम म्हणाल्या, "उलटा अंथरा, उलटा!" पहिल्या आलेल्यांवर पाय पडायला नको होता. फ्लेक्स चेहरे खाली करून अंथरला, कडांना विटा ठेवल्या, गॅलरीतून ओतलेले पाणी बाहेर घरंगळेल असा उतार दिला. कागदावर आक्काने 'मोसंबीला' खोडून 'मेथीला' लिहिले.

मी रोपवाटिकेत पुन्हा फोन केला आणि झाले ते सांगितले.

"म्हंजे ताण सुरूच झाला न्हाई, मॅडम."

"नाही."

"आता सहा आठवडे धरले तर मार्चमध्ये तुम्हाला फळ दिसायचं न्हाई. चार आठवडे धरा. थंडी चांगली हाय. धरला तर धरला."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपासून दिवस पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. मी नांदेडला मुक्काम वाढल्याचे कळवले.

थंडी खरोखर चांगली होती. सकाळी व्हरांड्याच्या फरशीवर पाय ठेववत नसे. वाफ्यातली मेथी चौथ्या दिवशी वर आली. आठजणांचे वापरलेले पाणी तिला मिळत होते. दोन आठवड्यांत ती खुडायला आली. मेथीची भाजी झाली, मेथीचे पराठे झाले, मेथी घालून वरण झाले. शेजारच्या तीन घरांत मेथी गेली. जिन्यातल्या कागदावर कुणीतरी पेन्सिलने लिहिले: कृपया आता पाणी कोथिंबिरीला टाकावे.

मोसंबीची पाने अकराव्या दिवशी मऊ पडली. पंधराव्या दिवशी दुपारी ती आतल्या बाजूला दुमडायला लागली आणि सकाळी पुन्हा सरळ व्हायची. अठराव्या दिवसापासून सकाळीही दुमडलेलीच राहिली. पोपटी पालवी करपून गेली. खालची पाने पिवळी होऊन फ्लेक्सवर पडू लागली. मी रोज ती गोळा करून मोजायचे. नऊ, चौदा, एकवीस, अठ्ठावीस.

आक्काने व्हरांड्यातली खुर्ची फिरवून घेतली. आता तिचे तोंड रस्त्याकडे असायचे.

भाचा कामावरून आला की आधी झाडाकडे जायचा. एकविसाव्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, मला काही करावंच लागणार नाही असं दिसतंय. हे आपणहून चाललं."

"जाईल तेव्हा बोल," आक्का रस्त्याकडे बघत म्हणाली.

"आई, मी काय म्हणून राहिलो, जाऊ दे ना करार. दे पाणी. फळ नसलं तरी झाड राहील की मार्चपर्यंत."

"मार्चपर्यंत राहून काय करायचं? तुझ्या फरशीची वाट बघायची?"

आत जाऊन भाच्याने सुनेला विचारले की रोपवाटिकेवाल्याचा नंबर कुणाकडे आहे. नंतर कळले की त्याने स्वतः फोन करून काडी वाकवून बघायची कशी ते विचारून घेतले होते. काडी कडकन मोडली तर मेली, वाकली तर जिवंत. त्याने तीन काड्या वाकवल्या. तिन्ही वाकल्या. हे त्याने आम्हाला सांगितले नाही, सुनेने सांगितले.

तेविसाव्या दिवशी सकाळी पावणेसातला मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा करत होते. आक्का एका हाताने वॉकर धरून आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन व्हरांड्याची पायरी उतरली. असे उतरू नये, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती मोसंबीपर्यंत गेली. फ्लेक्सची एक वीट तिने पायाने बाजूला सारली. मग ती तशीच उभी राहिली. चहाला उकळी येऊन तो उतू गेला तरी ती उभी होती. मी गॅस बंद केला, पण बाहेर गेले नाही.

थोड्या वेळाने तिने वीट पायानेच परत जागेवर ढकलली. अंगण ओलांडून ती वाफ्याकडे गेली आणि तांब्या तिकडे रिकामा केला. आत आल्यावर म्हणाली, "कोथिंबिरीला टाकलं. लिही तुझ्या पेपरात."

"लिहिते."

"अन् हेबी लिही, की ताप आलेल्या लेकराला बघत बसणं सोपं असतं. तिथं निदान पट्टी ठेवता येती कपाळावर."

मी तेही लिहिले.

अठ्ठावीस दिवस जानेवारीच्या शेवटच्या रविवारआधी पूर्ण झाले. रविवारी फ्लेक्स काढला. सुनेने आणि मी बुंध्यापासून दोन हात अंतर सोडून आळे केले, कुजलेले शेणखत दोन टोपल्या आणि निंबोळी पेंड एक किलो मिसळली. पहिले पाणी हलके द्यायचे असते. पण त्या दिवशी नळाला पाणी यायची पाळी होती आणि पाणी आले नाही. टाकीत तळाशी राहिलेले घराला दोन दिवस पुरवायचे होते.

भाचा म्हणाला, "उद्या देऊ. एक दिवसानं काय होतं?"

"अठ्ठावीस म्हंजे अठ्ठावीस," आक्का म्हणाली.

सून आत गेली आणि पिण्यासाठी भरून ठेवलेल्या दोन कळशांपैकी एक घेऊन आली. मुलींनी वरून त्यांच्या दोन बादल्या आणल्या. उंच मुलगी म्हणाली, "हे वापरलेलं न्हाई आज्जी, ताजं हाय. आज आम्ही आंघोळीला सुट्टी घेतली." भाच्याने यंत्राची बादली आणली तेव्हा आक्काने त्याला परत पाठवले, ते खारट पाणी उपाशी झाडाला नको म्हणून. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात गाडी धुण्यासाठी ठेवलेला डबा होता, भरलेला. सगळे मिळून पाच बादल्यांएवढे झाले. आक्काने खुर्ची आळ्याजवळ घ्यायला लावली आणि पहिला तांब्या तिने ओतला. माती ते शोषून घेताना बारीक आवाज येत होता.

नळाला पाणी बुधवारी आले. शुक्रवारी झाडाला दुसरे पाणी भरपूर दिले. शनिवारी मी बसने नांदेडला परतले. तोवर पाने सरळ झाली होती, पण एकतृतीयांश गळून गेली होती आणि झाडातून पलीकडची भिंत दिसत होती.

यापुढचे मला फोनवर कळलेले आहे. जे फोटोत दिसले किंवा दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले तेवढेच इथे घेतले आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काही नव्हते. दुसऱ्या आठवड्यात फरशीवाला माप घ्यायला आला. त्याने चुन्याने रेघा मारल्या; एक रेघ मोसंबीच्या बुंध्याला लागून गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आल्या बाई."

"कोण आल्या?"

"कळ्या! तांदळाच्या दाण्याएवढ्या. पांढऱ्या."

"किती आहेत?"

"किती हायेत म्हणून काय विचारती? आभाळातल्या चांदण्या मोजती का तू?"

"पालवीचे डोळे नसतील ना, आक्का? तेही सुरुवातीला—"

"मी चाळीस वरसं बाळं काढली. कळी अन् पान मला कळत न्हाई व्हय? थांब, पोरीला देते."

वरच्या मजल्यावरच्या मुलीने अकरा फोटो पाठवले. कळ्याच होत्या. जुन्या फांद्यांवरही होत्या, जिथे कधीच काही आले नव्हते.

फेब्रुवारीच्या शेवटी झाड फुलले. मुली गॅलरीत अभ्यासाला बसू लागल्या. मधमाश्या इतक्या झाल्या की सुनेने कपडे वाळत घालायची दोरी मागे नेली. आक्का तिथेच खुर्ची टाकून बसायची, पुन्हा झाडाकडे तोंड करून. मग फुले गळाली आणि त्यांच्या जागी हरभऱ्याएवढे हिरवे गोळे दिसले आणि तेही गळायला लागले. रोज सकाळी आळ्यात पन्नास-साठ पडलेले असत. आक्काचा फोन दिवसातून दोनदा येऊ लागला. मी रोपवाटिकेत विचारले. मालक म्हणाला, झाड आपल्याला पेलतील तेवढीच ठेवते, बाकीची टाकते; घाबरू नका, पाणी मोजून द्या, आणि बहिणीला सांगा, गळालेली मोजू नका, राहिलेली मोजा.

मार्चच्या मध्यावरच्या रविवारी भाच्याने मोजणी केली. करार त्याच्याशी होता, म्हणून आक्काने दुसऱ्या कुणाला मोजू दिले नाही. तो स्टुलावर चढला आणि एकेक फांदी बाजूला करून मोठ्याने आकडे म्हणत गेला. मुली गॅलरीतून वरच्या फांद्या दाखवत होत्या. वाटाण्यापेक्षा मोठी तेवढीच धरायची, असे ठरले होते. चोवीस झाली. खाली उतरून त्याने फरशीवाल्याला फोन लावला आणि सांगितले की डाव्या बाजूची रेघ चुकली आहे, पुन्हा मारायला यावे.

"चुकली कशी?" पलीकडचा म्हणाला. फोन स्पीकरवर होता. "तुमच्यासमोर मारली ना, साहेब?"

"माझ्यासमोरच चुकली," भाचा म्हणाला.

गाडीची जागा चार फूट पुढे गेली. तिचे मागचे चाक आता शेवंतीच्या वाफ्याला लागते, त्यावरून आक्का आणि भाचा यांचे बोलणे चालू आहे. फरशी मार्चच्या अखेरीस बसली. मोसंबीभोवती दोन हात मोकळी जागा सोडून विटांचे गोल आळे बांधले आहे.

आंबिया बहराची मोसंबी पावसाळ्यानंतर काढणीला येते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी झाडावर एकोणीस फळे होती. सर्वांत मोठे सुपारीपेक्षा मोठे आणि लिंबापेक्षा लहान होते.